माया डेरेनची न कापलेली रिळं

माया हे नाव आपल्याला नवं नाही. शाळेच्या पटावर एखादी माया असायचीच, आणि कीर्तनात-प्रवचनात तर हा शब्द दर पाच मिनिटांनी कानावर पडतो. पण कीव्ह शहरात जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या आणि पुढे हैती बेटावरच्या ढोलांच्या मागे लागलेल्या एका बाईने हे संस्कृत नाव मुद्दाम निवडून घेतलं होतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. तिचं नाव माया डेरेन. सिनेमाचा अभ्यास करणारे तिला अमेरिकेतल्या प्रायोगिक चित्रपटाची आई म्हणतात. जगभरच्या फिल्म स्कूलमध्ये तिचा जेमतेम 14 मिनिटांचा एक सिनेमा पहिल्याच वर्षी दाखवतात. मला मात्र तिचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. ते तिने पूर्ण केलं नाही, आणि पूर्ण केलं नाही म्हणूनच ते आज इतकं मोलाचं आहे.

तिचा जन्म 29 एप्रिल 1917 चा, म्हणजे रशियन क्रांतीच्या वर्षातला. मूळ नाव एलिओनोरा डेरेनकोव्स्की. घर ज्यू, सुशिक्षित; वडील मनोविकारतज्ज्ञ. त्या काळात युक्रेनमध्ये ज्यूंच्या वस्त्यांवर एकामागून एक हल्ले होत होते. 1922 मध्ये आई-वडील पाच वर्षांच्या मुलीला घेऊन निघाले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी येऊन स्थिरावले. इथे आल्यावर अमेरिकन जिभेला झेपावं म्हणून आडनाव छाटून डेरेन केलं. कॉफीच्या दुकानात कपावर लिहायला सोपं पडावं म्हणून आपल्या नावाची काटछाट करणाऱ्या आपल्यासारख्यांना यातलं काही वेगळं सांगायला नको.

मुलगी हुशार आणि हट्टी. काही वर्षं तिचं शिक्षण जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय शाळेत झालं. परत येऊन सिरॅक्यूज विद्यापीठात पत्रकारिता आणि राज्यशास्त्र घेतलं, समाजवादी विद्यार्थी चळवळीत उडी घेतली आणि अठराव्या वर्षी चळवळीतल्याच एका सहकाऱ्याशी लग्नही केलं. ते लग्न टिकलं नाही. न्यूयॉर्कला पदवी आणि 1939 मध्ये स्मिथ कॉलेजमधून इंग्रजी साहित्यातली एम.ए., असं शिक्षण तिने पुरं केलं. प्रबंधाचा विषय होता फ्रेंच प्रतीकवादी कवींचा इंग्रजी कवितेवरचा प्रभाव. ती स्वतः कविता करायची. पण मनात प्रतिमा उमटते आणि ती शब्दांत बसवताना काहीतरी निसटतं, ही तिची अडचण होती. त्यावरचा उपाय तिला पुढे कॅमेऱ्यात सापडला.

कॅमेऱ्याआधी मात्र तिला नाच सापडला. 1941 मध्ये ती कॅथरीन डनहॅम हिच्याकडे सेक्रेटरी म्हणून लागली. डनहॅम ही कृष्णवर्णीय नर्तकी, नृत्यदिग्दर्शिका आणि शिकागो विद्यापीठात शिकलेली मानववंशशास्त्राची अभ्यासक. 1935-36 मध्ये तिने जमैका, हैती, त्रिनिदाद ही बेटं पालथी घातली होती. हैतीत ती नुसती बघत बसली नव्हती, तिथल्या देवळांत नाचायला शिकली होती. तिच्या कंपनीबरोबर गावोगाव फिरताना, टंकलेखन आणि पत्रव्यवहार सांभाळताना मायाच्या कानावर हैतीची वर्णनं पडत गेली. नाचता नाचता माणसाच्या अंगात देव येतो, या विषयाने तिला पछाडलं. 1942 मध्ये तिने यावर एक लेखही छापला. तोवर तिने हैती पाहिलेलं नव्हतं.

कंपनीचा मुक्काम लॉस एंजेलिसला असताना तिची भेट अलेक्झांडर हॅमिड या झेक छायाचित्रकाराशी झाली. हाही नाझींमुळे देश सोडून आलेला. 1942 मध्ये त्यांनी लग्न केलं. पुढच्या वर्षी वडील वारले. त्यांच्यामागे आलेल्या थोड्या पैशांतून मायाने एक जुना, वापरलेला 16 मिलिमीटरचा बोलेक्स कॅमेरा घेतला. नवरा-बायकोने आपल्याच घरात, स्वतःच अभिनय करून एक मूकपट बनवला: 'मेशेस ऑफ द आफ्टरनून'. एक बाई दुपारी घरी येते, झोपते, आणि किल्ली, सुरी, पाव, फूल या घरातल्याच वस्तू स्वप्नात पुन्हा पुन्हा येत राहतात. एवढीच गोष्ट. त्याच सुमाराला तिने एलिओनोरा टाकून माया हे नाव घेतलं. दिसतं ते सगळं खरं नसतं, असा या नावाचा अर्थ तिला ठाऊक होता आणि सिनेमा करणाऱ्या बाईला तो शोभणाराही होता.

पुढची चार वर्षं ती न्यूयॉर्कमध्ये ग्रीनिच व्हिलेजच्या मॉर्टन स्ट्रीटवर राहून एकामागून एक छोटे सिनेमे करत राहिली. कुणी थिएटर देईना, तेव्हा फेब्रुवारी 1946 मध्ये तिने स्वतःच प्रोव्हिन्सटाउन प्लेहाउस भाड्याने घेतलं आणि आपले तीन सिनेमे दाखवले. तिकिटाला रांगा लागल्या. त्याच वर्षी तिला गुगनहाइम फेलोशिप मिळाली. सर्जनशील चित्रपटकामासाठी ती मिळवणारी माया पहिली. 1947 मध्ये कान महोत्सवात 'मेशेस'ला प्रायोगिक चित्रपटाचं मोठं पारितोषिक मिळालं. वय 30. कुणाही कलावंताला हेवा वाटावा अशी परिस्थिती.

फेलोशिपच्या पैशांतून काय करायचं, याची योजना तिच्या डोक्यात पक्की होती. ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड या शास्त्रज्ञांनी 1930 च्या दशकात इंडोनेशियातल्या बाली बेटावर हजारो फूट फिल्म चित्रित केली होती. बेटसनकडची ती फिल्म मायाने नीट पाहिली. बालीतले विधी, हैतीतले नाच आणि मुलांचे खेळ एकत्र गुंफायचे, त्यांच्यातला आकार आणि लय यांचं साम्य दाखवायचं, असा तो सिनेमा होणार होता. थोडक्यात, हैतीचा नाच हा तिच्यासाठी कच्चा माल होता. त्यातून जे घडवायचं ते तिचं स्वतःचं असणार होतं.

इथे हैतीबद्दल थोडं सांगायला हवं. कॅरिबियन समुद्रात हिस्पॅनिओला नावाचं बेट आहे. त्याच्या पश्चिमेच्या भागात फ्रेंचांचे उसाचे आणि कॉफीचे मळे होते. आफ्रिकेतून, विशेषतः आजच्या बेनिन आणि काँगोच्या प्रदेशातून, धरून आणलेले गुलाम तिथे राबत. 1791 मध्ये त्यांनी बंड केलं आणि 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी स्वतः लढून मिळवलेलं जगातलं ते पहिलं राष्ट्र. या माणसांनी आपापले देव बरोबर आणले होते. वेगवेगळ्या टोळ्यांचे देव एकत्र नांदू लागले, कॅथलिक संतांच्या तसबिरी त्यांच्या शेजारी लागल्या आणि त्यातून व्होडू हा धर्म उभा राहिला. हॉलिवूडने या शब्दाचा अर्थ टाचण्या टोचलेली बाहुली आणि चालणारी प्रेतं असा करून ठेवला, तो भाग वेगळा. 1915 ते 1934 या काळात हैती अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता आणि भयकथांची ही लाट त्याच काळात उठली. 1941-42 मध्ये तर कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठिंब्याने अंधश्रद्धाविरोधी मोहीम काढली. देवळं मोडली, ढोल जाळले. माया पोहोचली तेव्हा त्या होळ्यांना जेमतेम पाच वर्षं झाली होती.

तिच्या आधी काहीजण तिथे ध्वनिमुद्रणासाठी येऊन गेले होते. 1936-37 च्या हिवाळ्यात तरुण ॲलन लोमॅक्सने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर हैतीची गाणी उतरवून घेतली. दीड हजारांच्या वर रेकॉर्डिंग्ज झाली, पण ती सर्वसामान्यांच्या हाती पडायला 2009 साल उजाडलं. सत्तर वर्षं हे सूर कपाटात होते. अशा संग्रहांचं नशीब बहुधा हेच.

सप्टेंबर 1947 मध्ये माया हैतीत उतरली ती सामानाचे 18 डाग घेऊन. त्यातले सात निव्वळ सिनेमाच्या सामानाचे: तीन कॅमेरे, तिकाटणी, कोरी फिल्म. बाकीच्यांत ध्वनिमुद्रणाचं आणि छायाचित्रणाचं साहित्य. राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्सच्या जवळ क्रॉइक्स-दे-मिसियाँ आणि पेतियाँव्हिल या भागांत तिने पुष्कळ काम केलं.

तिथल्या पूजेचं स्वरूप मराठी वाचकाला समजायला फार वेळ लागत नाही. देवळाचा मांडव वरून झाकलेला आणि बाजूंनी मोकळा असतो. मधोमध एक खांब असतो. देव त्या खांबावरून खाली उतरतात अशी श्रद्धा. पुजारी पुरुष असेल तर त्याला हुंगान म्हणतात, बाई असेल तर माम्बो. त्यांच्या हातात भोपळ्याचा खुळखुळा असतो, वर मणी आणि सापाच्या मणक्यांची जाळी विणलेली. सुरुवातीला रस्त्यांच्या आणि दारांच्या देवाला, लेग्बाला, हाक मारायची. त्याने वाट मोकळी केल्याशिवाय दुसरा कुठलाही देव येऊ शकत नाही. आपल्याकडे गणपतीशिवाय कार्य सुरू होत नाही, तसंच म्हणा. मग चिमटीतून मक्याचं पीठ सोडत जमिनीवर प्रत्येक देवाची ठरलेली आकृती काढायची. तिला व्हेव्हे म्हणतात. आपल्या बायका अंगठा आणि तर्जनी जुळवून जशी रांगोळी सोडतात, अगदी तसाच हात चालतो. ती आकृती नंतर नाचणाऱ्यांच्या पायांखाली पुसली जाते, आणि तसं होणंच अपेक्षित असतं.

आणि मग ढोल. राडा पद्धतीच्या पूजेत तीन ढोल लागतात. सर्वांत छोटा बुला, तो एक लय सोडत नाही. मधला सेगाँ, तो तिच्याशी खेळतो. सर्वांत मोठा मामान, म्हणजे आई. शिवाय लोखंडी घंटेचा टणत्कार ताल धरून असतो. एकजण गाण्याची ओळ उचलतो, बाकीचे झेलतात. मामान वाजवणारा अधूनमधून चालू लय अचानक मोडतो. या मोडीला कासे म्हणतात. नाचणाऱ्याचा तोल त्या क्षणी हलतो, आणि पुष्कळदा त्याच फटीतून देव अंगात शिरतो. हैतीत म्हणतात की देव स्वार होतो आणि माणूस त्याचा घोडा बनतो. आपल्याकडे संबळाच्या किंवा हलगीच्या ठेक्यावर अंगात येतं, ते ज्यांनी लहानपणी गावच्या जत्रेत पाहिलंय त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला अडचण पडू नये. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचा इतिहास वेगळा, देव वेगळे. पण ढोल ऐकून पाय आपोआप उचलला जातो तो अनुभव ओळखीचा आहे.

आता तिच्या हातातल्या यंत्रांचा विचार करा. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझं लक्ष तिकडे आधी गेलं. बोलेक्स हा चावीचा कॅमेरा. एकदा चावी दिली की जेमतेम अर्धा मिनिट चालतो, मग थांबून पुन्हा चावी. 100 फुटांचं रीळ सेकंदाला 24 चौकटींच्या गतीने पावणेतीन मिनिटांत संपतं. कॅमेऱ्यात आवाज नाहीच. आवाजासाठी वेगळा वायर रेकॉर्डर. यात फीत नसते, केसासारखी बारीक पोलादी तार असते आणि तिच्यावर चुंबकाने आवाज उमटतो. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला दोन किलोमीटरहून जास्त तार लागते. ती तुटली तर चक्क गाठ मारायची आणि पुढे चालू. पूजा चालते रात्रभर. म्हणजे कानाला अखंड धारा मिळते आणि डोळ्याला अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे. शिवाय कुठला तुकडा आवाजाच्या कुठल्या क्षणाचा, हे जुळवणारी कसलीही खूण दोन्हींवर नाही. आज आपण ज्याला टाइमस्टॅम्प म्हणतो, तो नाही.

ही यंत्रांची अडचण झाली. खरी अडचण वेगळीच निघाली. चित्रण करायला लागल्यावर थोड्याच दिवसांत मायाच्या लक्षात आलं, की नाच असा वेगळा काढताच येत नाही. आधीची प्रार्थना, पिठाची आकृती, नैवेद्य, बळीचं कोंबडं, म्हाताऱ्या माम्बोचं कुणाला तरी दटावणं, मध्येच होणारी हसाहशी, हे सगळं बाजूला ठेवून नुसती पावलं उचलली, तर उरतं ते काहीच नाही. तिच्या आराखड्यात नाच हा एक सुंदर आकार होता. समोर जे चाललं होतं त्यात तो पूजेचा एक अवयव होता. बालीशी आणि मुलांच्या खेळांशी जोडकाम करायचं तर आधी हा अवयव कापून काढावा लागणार होता.

तिच्याजागी दुसरा कुणी असता तर त्याने कापला असता. फेलोशिपचे पैसे घेतलेले, नाव झालेलं, लोक नव्या सिनेमाची वाट पाहत असलेले. मायाने कापला नाही. ती थांबून राहिली. मानववंशशास्त्राचं रीतसर शिक्षण नसल्यामुळे तिच्याकडे प्रश्नावली नव्हती, आणि आपण होऊन प्रश्न विचारत सुटायचं नाही, असं तिने ठरवलं. बसायचं, बघायचं, कुणी काम सांगितलं तर करायचं. याची कारणंही तिने पुढे लिहून ठेवली. न्यूयॉर्कमध्ये कलावंत म्हणून जगताना तिला स्वतःला असा अनुभव होता, की सुस्थितीतली माणसं येतात, अजब प्राण्याकडे पाहावं तसं पाहतात आणि जातात. हैतीतल्या शेतकऱ्याला गोऱ्या अभ्यासकाबद्दल काय वाटत असेल, हे ती त्यावरून ताडू शकली. ती गप्प राहिली म्हणूनच लोकांनी तिला आत घेतलं.

आत घेतलं म्हणजे किती? 1947 नंतरच्या सात वर्षांत ती पुन्हा पुन्हा हैतीला गेली, एकंदर दीड वर्षाहून जास्त काळ तिथे राहिली. याच काळात एका रात्री नाचता नाचता तिच्याच अंगात आलं. पाय जमिनीला जखडल्यासारखा झाला, खालून वर काहीतरी पांढरं चढत गेलं, आणि नंतर शुद्धीवर आल्यावर कळलं की एर्झुली येऊन गेली होती. एर्झुली ही प्रेमाची, अत्तरांची, दागिन्यांची देवी, जी सगळं मिळूनही शेवटी रडते. मायाने हे आपल्या पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात अतिशय नेमकेपणाने लिहिलंय. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रत्येकाचा प्रश्न. मला त्यातली भीती खरी वाटते. सिनेमाची प्रत्येक चौकट आपल्या ताब्यात ठेवणाऱ्या बाईच्या हातून एकदम सगळा ताबाच गेला होता.

सिनेमा करायला निघालेल्या बाईच्या हातून झालं ते पुस्तक. तुलनात्मक पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी तिला लिहितं केलं आणि प्रस्तावनाही लिहिली. 'डिव्हाइन हॉर्समेन' 1953 मध्ये प्रसिद्ध झालं आणि व्होडूवरच्या महत्त्वाच्या पुस्तकांत ते आजही गणलं जातं. त्याच वर्षी तारांवरच्या ध्वनिमुद्रणातून निवडून 'व्हॉइसेस ऑफ हैती' ही तबकडी निघाली. काढली इलेक्ट्रा या तेव्हाच्या चिमुकल्या कंपनीने, जिने पुढे 1967 मध्ये 'द डोअर्स'ची पहिली रेकॉर्ड काढली. मुखपृष्ठ तेजी इतो या जपानी तरुणाने केलं. घरातून पळालेला हा मुलगा मायाकडे आश्रयाला आला होता. पुढे तो संगीतकार झाला, हैतीत जाऊन ढोल शिकला आणि 1960 मध्ये तिचा तिसरा नवरा झाला.

आणि फिल्म? पुस्तकाच्या प्रास्ताविकात तिने अगदी सरळ हिशेब दिलाय. चार वर्षं झाली तरी चित्रण जवळजवळ जसंच्या तसं, आग न लागणाऱ्या पेटीत, कपाटात पडून आहे. आवाज अजून मूळ तारांवरच आहेत. छायाचित्रं एका खणात आहेत. आणि त्या भव्य सिनेमाचा आराखडा फायलींत कुठेतरी असेल, नक्की कुठे ते तिला सांगता येत नाही. समोरचं वास्तव आपल्या मनासारखं वाकवायला आपण गेलो होतो आणि त्या वास्तवाने आपल्याला केवळ नम्रपणे नोंद करायला लावलं, अशा अर्थाची कबुली तिने दिली. कलावंत म्हणून आपण हरलो, हे ती लपवत नाही.

पुढची वर्षं ओढगस्तीची गेली. व्याख्यानं, लेख, नव्या फिल्मवाल्यांसाठी काढलेली एक संस्था, मॉर्टन स्ट्रीटवरच्या घरातल्या मांजरी आणि कायमची पैशांची चणचण. 13 ऑक्टोबर 1961 रोजी, मेंदूत रक्तस्राव होऊन, ती गेली. वय अवघं 44. नीट न मिळणारं अन्न आणि वर्षानुवर्षं डॉक्टरच्या सल्ल्याने घेतलेल्या उत्तेजक औषधांनी शरीर पोखरलं होतं. व्होडूनेच तिचा बळी घेतला, अशा कंड्या गावभर पिकल्या. ज्या भाकडकथांविरुद्ध तिने दहा वर्षं काम केलं, त्यांनी तिला मेल्यावर गाठलं. तिच्या अस्थी इतोने जपानला नेऊन फुजी पर्वतावर विखुरल्या.

तिच्यामागे राहिली ती सुमारे 18,000 फूट फिल्म. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर आठ तासांहून थोडी अधिक. बऱ्याच वर्षांनी इतो आणि त्याची नंतरची बायको शेरेल यांनी त्यातून एक माहितीपट जुळवला. तो 52 मिनिटांचा आहे. तिच्या तारांवरचे ढोल त्याला जोडले, तिच्या पुस्तकातला मजकूर निवेदकांकडून वाचून घेतला. आज 'डिव्हाइन हॉर्समेन' म्हणून जो सिनेमा पाहायला मिळतो तो हा. तो जरूर पाहावा. पिठाच्या आकृत्या काढणारा हात, समुद्रदेव आग्वेसाठी सजवलेली होडी, अंगात आल्यावर बदलणारे चेहरे, हे सगळं त्यात आहे. फक्त पाहताना एक लक्षात ठेवावं: हे मायाने केलेलं संकलन नव्हे. पडद्यावर पडणारी थाप आणि कानावर येणारी थाप एकाच क्षणाची असेलच असं नाही. तो सांधा नंतर बसवलेला आहे.

मूळ ऐवज दोन शहरांत आहे. फिल्म न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म अर्काइव्ह्जमध्ये. तारा, छायाचित्रं आणि टिपणं बॉस्टन विद्यापीठात. म्हणजे चित्रं एकीकडे आणि आवाज गाडीने चार तासांवर दुसरीकडे. आमच्या धंद्यात पहिला नियम असा असतो, की मूळ डेटा कधी बदलायचा नाही. प्रक्रिया करायची ती प्रतीवर. प्रक्रिया चुकली तर परत फिरता येतं, मूळच खोडलं तर येत नाही. माया हरली असेल, पण तिच्या हरण्यामुळे मूळ शाबूत राहिलं. तिने ठरल्याप्रमाणे बाली, हैती आणि मुलांचे खेळ यांचा तो सिनेमा केला असता, तर आपल्याला 1947 सालच्या न्यूयॉर्कमधली एक उत्तम कलाकृती मिळाली असती. आज मिळते ती हैतीतल्या माणसांची पूजा, त्यांच्या क्रमाने आणि त्यांच्या गतीने.

तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. पेत्रो नावाच्या उग्र देवांच्या पंथात बेटावरच्या मूळ रहिवाशांचा मोठा वाटा आहे, ही तिची मांडणी नंतरच्या अभ्यासकांनी फारशी मान्य केली नाही. तिच्या तबकडीवर नाव छापलं गेलं ते तिचं. तारेवर ज्यांचे आवाज आहेत त्या बहुतेक गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं जगाला माहीत नाहीत. हे त्या काळच्या जवळजवळ सगळ्याच संग्रहांबाबत खरं आहे. 2003 मध्ये हैती सरकारने व्होडूला धर्म म्हणून अधिकृत मान्यता दिली. ज्या ढोलांना सहा दशकांपूर्वी जाळलं होतं, ते आता कायद्याने देवळातले ढोल झाले.

मे-डिसेंबरच्या सुट्टीत आपण गावी जातो, तेव्हा जत्रेत, जागरणात, गोंधळात आपल्या हातात फोन असतो. त्यात चावी द्यावी लागत नाही, आवाज आणि चित्र आपोआप जुळलेले असतात, आणि तरीही आपण नेमकं अर्ध्या मिनिटाचंच टिपतो, कारण तेवढंच पुढे पाठवायचं असतं. गोंधळ्याने देवतांना बोलावणं सुरू केलं की फोन खिशात, आणि कुणाच्या अंगात आलं की फोन बाहेर. या वेळी एकदा तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्या. आधी विचारून घ्या. संबळ वाजवणाऱ्याचं, झील धरणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख फाइलच्या नावातच लिहून ठेवा. आणि मग ती फाइल कापू नका.